दिवस भरलेल्या बाळालाही श्वास का जमत नाही?

हा लेख नवजात बाळाचा श्वास अडवणाऱ्या दुर्मीळ आजारांविषयी आहे. पण आधी नेहमी काय घडतं ते पाहू. आईच्या पोटात असताना बाळाची फुफ्फुसं पाण्याने भरलेली असतात. "बाळाने पोटातलं पाणी प्यायलं" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, पण हे पाणी बाहेरून आत शिरलेलं नसतं. ते फुफ्फुसं स्वतःच तयार करतात आणि त्याच पाण्याच्या दाबाने ती वाढत जातात. नऊ महिने ऑक्सिजन पुरवण्याचं काम वार (प्लासेंटा) करते. त्यामुळे पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसांकडे रक्ताचा अगदी थोडा वाटा जातो. बाकीचं रक्त दोन आडवाटांनी फुफ्फुसं टाळून पुढे निघून जातं.

जन्माच्या वेळी हे सगळं काही मिनिटांत उलटावं लागतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगातली संप्रेरकं फुफ्फुसांना ते पाणी शोषून घ्यायला लावतात. पहिल्या रडण्याबरोबर हवा आत शिरते, फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे वळतं आणि त्या आडवाटा मिटायला लागतात. अगदी निरोगी बाळाच्या रक्तातही पहिल्या मिनिटाला ऑक्सिजनचं प्रमाण ६०-६५ टक्केच असतं. ८५ ते ९५ टक्क्यांवर यायला त्याला दहा मिनिटं लागतात.

यात कुठे अडखळलं तर श्वास लागतो. सर्वांत जास्त दिसतं ते पाणी शोषलं जायला उशीर होणं. कळा न येता, दिवस ठरवून केलेल्या सिझेरियनच्या बाळांत हे अधिक, कारण पाणी शोषायचा निरोप देणाऱ्या कळाच आलेल्या नसतात. श्वास मिनिटाला ७०-८० पर्यंत जातो, पण थोडा ऑक्सिजन देऊन वाट पाहिली की एक ते तीन दिवसांत तो खाली येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वायुकोश, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्या, उघडे ठेवणारा पदार्थ कमी पडतो. त्याचा त्रास पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरणीला लागतो. पोटातच शी करून ती श्वासात ओढलेलं बाळ, जंतुसंसर्ग झालेलं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, यांचाही आपापला साधारण ठरलेला क्रम असतो. श्वास लागून एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) आलेली बहुतेक बाळं याच कारणांनी तिथे आलेली असतात, आणि योग्य वेळी उपचार मिळाले तर त्यांतली बरीच बरी होऊन घरी जातात.

दुर्मीळ आजारांची पहिली खूण अशी, की ते हा क्रम पाळत नाहीत. चौथा-पाचवा दिवस उजाडतो, औषधं सगळी देऊन होतात, तरी व्हेंटिलेटर कमी करता येत नाही. बाळ पूर्ण दिवसांचं, आणि एक्स-रे मात्र सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळासारखा. रडताना गुलाबी, शांत झालं की निळं. जागेपणी ठीक, झोप लागली की श्वास उथळ. अशा विसंगतीवर वेळेवर बोट ठेवणारी नर्स किंवा डॉक्टर भेटणं हे बाळाच्या दृष्टीने फार मोठं आहे. या लेखातल्या कितीतरी खुणा ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. एक बारीक नळी, एक एक्स-रे, आणि आई-बाळाकडे नीट पाहणारे डोळे पुरतात.

घरच्यांनी ओळखायच्या खुणा तर त्याहून साध्या आहेत. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ते ६० किंवा जास्त असले, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत असला, नाकपुड्या फुलत असल्या, कण्हल्यासारखा आवाज येत असला, ओठ-जीभ निळी दिसत असली किंवा बाळ दूध ओढेनासं झालं असलं, तर थांबायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी श्वास मोजायचं मण्यांचं उपकरण केलं होतं. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यावर तिथल्या गावांत नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हे काम आहे.

वाटच बंद असते तेव्हा

नवजात बाळ जवळजवळ नाकानेच श्वास घेतं. तोंडाने घेणं त्याला रडतानाच जमतं. पाच ते आठ हजारांत एखाद्या बाळाच्या नाकाची मागची, घशात उघडणारी बाजू हाडाने किंवा पडद्याने बंद असते. एकच बाजू बंद असेल तर ते वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही, नाक सतत वाहतं एवढंच. दोन्ही बंद असल्या तर बाळ जन्मल्या क्षणापासून झगडत असतं. तोंड मिटलं की निळं पडतं, जीव घाबरा झाला की रडतं, रडलं की तोंडावाटे हवा मिळून गुलाबी होतं, आणि शांत झालं की पुन्हा निळं. हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या आजारात सहसा उलटं घडतं, रडल्यावर बाळ जास्त निळं होतं. एवढ्या एका फरकावरून आजार ओळखता येतो. खात्रीसाठी दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळी घालून पाहायची. ती घशात उतरत नसेल तर उत्तर मिळालं. तोंडात हवेची वाट उघडी ठेवणारी छोटी प्लास्टिकची नळी बसवली की बाळ तिथल्या तिथे सुधारतं, आणि मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून नाकाची वाट मोकळी करता येते. अशा बाळाचे डोळे, कान आणि हृदयही तपासून घ्यावे लागतात, कारण काहींमध्ये हा दोष एका मोठ्या जनुकीय आजाराचा भाग असतो.

दुसऱ्या काही बाळांचा खालचा जबडा फारच लहान असतो. जिभेला पुढे जागा नसते, ती मागे पडून घसा अडवते, आणि अनेकदा टाळूही दुभंगलेला असतो. पिअर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने हा दोष ओळखला जातो. अशा बाळाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पालथं झोपवलं की जीभ पुढे येते आणि श्वास मोकळा होतो, कित्येकांना तेवढंच पुरतं. नाही पुरलं तर नाकातून घशापर्यंत नळी ठेवतात, किंवा जबड्याचं हाड हळूहळू लांबवणारी शस्त्रक्रिया करतात. दुभंगलेला टाळू दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात बाहेर पडली होती का?" ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. जबडा आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच घडतात, आणि त्यात काय बिघडलं ते आईच्या हातात नव्हतं.

तिसरी गोष्ट अन्ननलिकेची. साधारण तीन ते चार हजारांत एका बाळाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते. बहुतेक वेळा वरचा तुकडा बंद असतो आणि खालचा श्वासनलिकेला जोडलेला. लाळ गिळता येत नाही, म्हणून तोंडाला सारखा फेस येतो, कितीही पुसलं तरी पुन्हा येतो. गरोदरपणात आईच्या पोटात बाळाभोवतीचं पाणी जास्त झालेलं असतं, कारण बाळ ते गिळू शकत नव्हतं. तोंडातून घातलेली नळी साधारण दहा सेंटीमीटरवर अडते. अशा बाळाला जन्मल्याबरोबर मध, गुळाचं पाणी किंवा गुटी चाटवली तर ती थेट फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. तोंडाला फेस येणाऱ्या बाळाला नळी घालून तपासेपर्यंत काहीच पाजायचं नाही, अंगावरचं दूधसुद्धा नाही. डोकं वर ठेवून, घशातली लाळ खेचत खेचत त्याला बालशल्यचिकित्सकाकडे न्यायचं. ही शस्त्रक्रिया आता महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांत नियमित होते, आणि वजन चांगलं असलेली, हृदय निरोगी असलेली बहुतेक बाळं त्यातून वाचतात.

पोटातली आतडी छातीत

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्याच्या आसपास तो बंद व्हायला हवा. सुमारे तीन हजारांत एका बाळात त्याला भोक राहतं, दहांतल्या आठ वेळा डाव्या बाजूला. आतडी, कधी जठर, कधी यकृतही त्यातून छातीत चढतं. फुफ्फुसाला वाढायला जागा उरत नाही. त्या बाजूचं फुफ्फुस इवलंसं राहतं आणि दुसऱ्या बाजूचंही पुरेसं वाढत नाही. आतल्या रक्तवाहिन्या जाड आणि आकसलेल्या राहतात. म्हणून हा आजार भोक बुजवण्यापुरता नाही. भोक शिवता येतं, न वाढलेलं फुफ्फुस शिवून वाढत नाही.

जन्मल्यावर या बाळाचं पोट खपाटीला गेलेलं दिसतं आणि छाती मात्र फुगलेली. हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू येतात. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. श्वास न घेणाऱ्या बाळाला तोंडावर मास्क लावून फुग्याने हवा देणं हा जीव वाचवणारा उपाय आहे आणि तो प्रत्येक प्रसूतिगृहात यायलाच हवा. पण या एका आजारात तीच हवा जठरात आणि आतड्यांत जाऊन छातीतच फुगते, आणि उरलंसुरलं फुफ्फुसही दाबलं जातं. म्हणून निदान आधी माहीत असेल तर मास्क टाळून थेट श्वासनलिकेत नळी घालतात आणि दुसरी नळी जठरात घालून तिथली हवा काढत राहतात.

आधी माहीत असण्याचा मार्ग म्हणजे १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी. बरीच बाळं त्यात सापडतात, सगळी नाही. सापडलं तर प्रसूती तालुक्याच्या गावी न करता जिथे एनआयसीयू आणि बालशल्यचिकित्सक एकाच छताखाली आहेत तिथे ठरवता येते. बाळ पोटात असताना आईइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं. जन्मानंतर दोनशे किलोमीटर आणलेलं बाळ आणि त्याच इमारतीत जन्मलेलं बाळ यांच्या वाट्याला सारखी संधी येत नाही.

एके काळी अशा बाळाला जन्मल्या जन्मल्या शस्त्रक्रियेसाठी धावत नेत. आता आधी श्वास आणि फुफ्फुसांतला रक्तदाब स्थिर करतात, मग काही दिवसांनी भोक शिवतात. नातेवाईकांना हा थांबण्याचा काळ असह्य होतो, "ऑपरेशन का करत नाहीत?" असा प्रश्न दर तासाला येतो. पण या थांबण्यानेच बाळं वाचतात. सर्वांत गंभीर बाळांसाठी काही मोजक्या देशांत पोटातच उपचार होतात. २७ ते २९ आठवड्यांदरम्यान दुर्बिणीतून बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवतात. फुफ्फुसाने तयार केलेलं पाणी आतच अडतं, त्या दाबाने फुफ्फुस वाढतं, आणि ३४ व्या आठवड्याच्या सुमारास फुगा काढतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत डाव्या बाजूचा गंभीर दोष असलेली ४० टक्के बाळं या उपचाराने वाचली. फुगा न ठेवलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. किंमतही होती, फुगा ठेवलेल्या मातांची प्रसूती बरीच आधी होत होती. मध्यम दोषाच्या बाळांत मात्र ठोस फायदा दिसला नाही.

वायुकोशाचं अस्तर

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि उघडायला जोर लागतो. वायुकोश आतून ओलसर असल्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाला तेच व्हायला हवं. होत नाही, कारण त्यांच्या आतून सरफॅक्टंट नावाच्या स्निग्ध पदार्थाचा थर असतो. तो पाण्याचा ताण कमी करतो आणि वायुकोश मिटू देत नाही. १९५९ साली बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या श्वासाच्या आजाराने दगावत होती, त्यांच्या फुफ्फुसांत हाच पदार्थ कमी होता. चार वर्षांनी, ७ ऑगस्ट १९६३ रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोहून थोडं जास्त. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असूनही तो ३९ तासांत याच आजाराने गेला. त्या वयाचं आणि वजनाचं बाळ आज आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागातूनही बरं होऊन घरी जातं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसापासून केलेलं सरफॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत घालून दाखवलं, आणि त्यानंतर चित्र पालटलं.

हे यश इतकं मोठं होतं की मागे उरलेली काही बाळं उठून दिसू लागली. पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची बाळं, एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसं पांढरी धूसर. सरफॅक्टंट दिलं की काही तास सुधारायची, परिणाम उतरला की पुन्हा तिथेच. काही घरांत एकामागून एक भावंडं अशी गेलेली असायची. १९९३ साली लॉरेन्स नोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका कुटुंबात कारण शोधलं. सरफॅक्टंटमधलं 'बी' नावाचं प्रथिन ही बाळं बनवूच शकत नव्हती. ते बनवण्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. बाहेरून दिलेलं औषध वापरून संपतं आणि शरीर नवं तयार करू शकत नाही. फुफ्फुस बदलणं सोडलं तर यावर उपाय नाही, आणि इतक्या लहान बाळात ते जगात फारच थोड्या ठिकाणी होतं.

२००४ मध्ये दुसरं जनुक सापडलं, एबीसीए-३. सरफॅक्टंट पेशीत साठवून ठेवायच्या कोशांत त्यातली स्निग्ध द्रव्यं भरण्याचं काम त्याच्याकडे असतं. हा बिघाड 'बी' प्रथिनाच्या अभावापेक्षा जास्त आढळतो आणि सगळ्यांत सारखा नसतो. काही बाळं पहिल्या महिन्यांतच जातात, काही ऑक्सिजनच्या आधाराने मोठी होतात. आणखी एका जनुकाच्या बिघाडात फुफ्फुस, थायरॉइड आणि मेंदू तिन्हींवर परिणाम होतो. श्वास सुधारत नसलेल्या बाळाचा थायरॉइडचा रिपोर्टही बिघडलेला आला तर त्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात.

याच्या शेजारी ठेवण्यासारखा आणखी एक आजार आहे, त्याचं मराठीत सुटसुटीत नाव नाही. वायुकोश असतात, पण त्यांच्याभोवतीचं केशवाहिन्यांचं, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं, जाळं विरळ आणि दूर, आणि शिरा भलत्याच जागी. हवा आत येते, पण तिला भेटायला रक्त पोचत नाही. बाळ सहसा पहिले काही तास चांगलं दिसतं आणि बहुतेकदा दोन दिवसांच्या आत कोसळतं. फुफ्फुसांतला रक्तदाब चढतो. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूने तो जरासा उतरतो, पुन्हा चढतो. पूर्वी याचं निदान बहुधा मृत्यूनंतरच व्हायचं. २००९ मध्ये एफओएक्सएफ-१ हे जनुक यामागे असल्याचं कळलं, तेव्हापासून रक्ताच्या तपासणीतून उत्तर मिळू शकतं. तीव्र स्वरूपात हा आजार आजही जवळजवळ नेहमी प्राणघातक आहे.

फुफ्फुसं निरोगी, श्वास मात्र नाही

श्वास घे, हा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून सुटतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा हुकूम तीव्र होतो, म्हणून झोपेतही आपण श्वास घेत राहतो. पीएचओएक्स-टू-बी या जनुकातल्या बिघाडाने काही बाळांत ही जाणीवच नसते. बाळ धापा टाकत नाही, छातीला खड्डे पडत नाहीत, उलट फार शांत झोपलेलं दिसतं, आणि त्या शांततेतच कार्बन डायऑक्साइड चढत जातो. व्हेंटिलेटरवर चटकन सुधारतं, नळी काढली की जागेपणी ठीक, झोप लागली की पुन्हा घसरतं. पाच-सहांतल्या एखाद्या बाळाला जोडीला आतड्याच्या नसांचा आजारही असतो, जन्मल्यावर दोन दिवस होऊनही शी होत नाही. २००३ साली हे जनुक सापडल्यापासून निदान सोपं झालं आहे. या मुलांना आयुष्यभर निदान झोपेत तरी व्हेंटिलेटर लागतो. घरी ते सांभाळणं आई-बापांसाठी किती कठीण आहे हे मी हलकं करून सांगणार नाही. वीज जाते, नळी बदलावी लागते, रात्री कुणाला तरी जागावं लागतं. पण ही मुलं शाळेत जातात, मोठी होतात, नोकऱ्या करतात. हे निदान झाल्या दिवशीच पालकांना सांगितलं गेलं पाहिजे.

हुकूम पोचला तरी स्नायू अशक्त असले तर तेच होतं. बाळ ढिलं, चेहऱ्यावर हालचाल नाही, वरचा ओठ तंबूसारखा वर उचललेला, पोटात असताना हालचाल कमी आणि पाणी जास्त. अशा वेळी जाणता डॉक्टर आईकडे वळतो आणि तिला मूठ घट्ट आवळून पटकन सोडायला सांगतो. बोटं सावकाश, अडखळत उघडली तर बाळाचं निदान आईच्या हातात सापडतं. स्नायूंचा हा आजार म्हणजे मायोटोनिक डिस्ट्रॉफी, आणि तो पिढीगणिक तीव्र होत जातो. आईला तो इतका सौम्य असतो की तिला स्वतःलाच माहीत नसतं, आणि बाळात जन्मापासून तीव्र दिसतो. आईला मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार, असेल तर मात्र गोष्ट बरीच आशेची आहे. आईची प्रतिपिंडं (त्या आजाराला कारण असलेली रक्तातली प्रथिनं) वारेतून बाळात उतरतात आणि अशा मातांची १० ते २० टक्के बाळं काही आठवडे अशक्त राहतात. औषधाने सांभाळलं की प्रतिपिंडं ओसरतात आणि बाळ पूर्ण बरं होतं.

काही वेळा दोष श्वसनसंस्थेत नसतोच. फुफ्फुसातून येणाऱ्या शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्याऐवजी भलतीकडे जोडलेल्या आणि वाटेत आवळलेल्या असल्या, तर एक्स-रे हुबेहूब फुफ्फुसाच्या आजारासारखा दिसतो, आणि उपाय मात्र तातडीची हृदयशस्त्रक्रिया. म्हणून सुधारत नसलेल्या प्रत्येक बाळाचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), शंका असेल तर पुन्हा एकदा, करून घेतलाच पाहिजे. शरीरात आम्ल साठवणाऱ्या चयापचयाच्या आजारात बाळ दोन-तीन दिवस दूध प्यायल्यावर खोल, जलद श्वास घेऊ लागतं, छाती मात्र स्वच्छ असते. रक्त चॉकलेटी रंगाचं निघालं आणि हवेतही लाल झालं नाही तर दोष हिमोग्लोबिनमध्ये असतो.

नाव कळून काय उपयोग?

ज्या आजारावर उपायच नाही, त्याच्या तपासणीवर हजारो रुपये का घालायचे? हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारतात आणि तो रास्त आहे. माझं उत्तर वर सांगितलेल्या दोन आजारांत आहे. सरफॅक्टंट 'बी' चा अभाव आणि केशवाहिन्यांचा तो आजार, दोन्हींत पूर्ण दिवसांचं बाळ पहिल्या काही दिवसांत श्वासाने हैराण होतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर दोन्हीकडे "श्वसन निकामी" एवढंच लिहिलं जाऊ शकतं. पण पहिल्या आजारात पुढच्या प्रत्येक गरोदरपणी धोका चारांत एक असतो. दुसऱ्यात तो बहुतेक वेळा नव्यानेच उद्भवलेला असतो आणि पुन्हा होण्याची शक्यता फार थोडी. एका जोडप्याला पुढच्या वेळी आधीच तपासणी करावी लागेल, दुसरं बऱ्याच अंशी निर्धास्त राहू शकेल. नाव न कळता दोघंही सारख्याच भीतीत राहतात, आणि कित्येक जोडपी पुन्हा मूल होऊ देण्याचा विचारच सोडतात.

दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत येणारे आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. मामाची मुलगी करून आणण्याची रीत महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आहे, म्हणून घराण्यात अशी बाळं गेली असतील तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. नात्याबाहेर लग्न झालेल्यांतही हे आजार होतात, तेव्हा कुणी कुणाला दोष देऊ नये. दुर्दैवाने दोष जवळजवळ नेहमी सुनेच्या पदरात पडतो. पपई खाल्ली, जड उचललं, पायगुण वाईट. ज्या आजाराला आई-वडील दोघांकडची एकेक प्रत लागते तिथे एकट्या आईकडे बोट दाखवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि डॉक्टरांनी ते सासू-सासऱ्यांसमोर स्पष्ट बोलून दाखवलं पाहिजे.

बाळ गंभीर असेल तेव्हा घरच्यांनी थोड्या गोष्टी विचाराव्यात. हृदयाचा इको झाला का? नेहमीच्या क्रमाने सुधारत नसेल तर आणखी कशाची शंका आहे? जनुकीय तपासणीसाठी दोन मिलिलीटर रक्त राखून ठेवलं का, आणि शक्यतो बाळाला रक्त चढवण्याआधी? बाळ गेलं तरी हे रक्त उपयोगी पडतं. बाळ गेल्यावर फुफ्फुसाचा छोटा तुकडा सुईने काढून तपासायचा की नाही, हे फक्त आई-वडिलांनी ठरवावं. पण त्यांना तसं हळुवारपणे विचारलं जावं, गृहीत धरून टाळलं जाऊ नये.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि तिथवरची वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठी बोलावता येते. निघताना बाळाला उबदार गुंडाळा, आणि बाळाबरोबर आईलाही तपासायचं असू शकतं हे लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, इको, जनुकीय अहवाल आणि, बाळ राहिलं नसेल तर, मृत्यूचं सविस्तर कारण लिहिलेला कागद, हे सगळं एका फाइलमध्ये जपा. पुन्हा दिवस राहिले की दुसऱ्या महिन्यातच ती फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा. वारेच्या तुकड्याची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते, तिचा अहवाल यायला काही आठवडे लागू शकतात, आणि पहिल्या बाळातला नेमका बिघाड माहीत असल्याशिवाय प्रयोगशाळेला काय शोधायचं तेच कळत नाही.